नाव जपानीच हवंय

नागोयाहून

"मावशी, एक छान जपानी नाव सुचव ना. दोन-तीन अक्षरी. ऐकल्याबरोबर पर्यावरणाचं काहीतरी आहे असं वाटलं पाहिजे." पुण्याच्या भाचीचा हा निरोप येऊन तीन महिने झाले. ती जुन्या सुती साड्या आणि शिंप्यांकडची कात्रणं गोळा करते, गोधडीसारखा धावदोरा घालून त्यांची जॅकेटं शिवून घेते आणि विकते. माल चांगला आहे, एक मी इथे थंडीत वापरते. अडलंय ते नावावर. तिच्या यादीत तीन शब्द आधीपासूनच होते : मोत्ताइनाई, बोरो आणि साशिको, म्हणजे इथलं धावदोऱ्याचं शिवणकाम. मी फक्त एकावर बोट ठेवायचं होतं.

मला ते ठेवता आलं नाही. का, ते सविस्तर लिहिते, कारण असे निरोप मला एकटीलाच येत नाहीत. इथल्या ओळखीच्या मराठी घरांतूनही हेच ऐकते.

'मोत्ताइनाई' हे जपानी माणसाचं मोठं तत्त्वज्ञान आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात वाडग्याला चार शितं चिकटून राहिली की आजी नातवाला जे म्हणते, ते हे. 'वाया घालवू नये रे'. केनियाच्या पर्यावरण-कार्यकर्त्या वंगारी माथाई २००५ साली इथे आल्या, त्यांना हा शब्द फार आवडला आणि त्यांनी तो जगभर नेला, म्हणून आपल्या कानावर आला. पण शब्द आहे म्हणजे वागणंही तसंच आहे, असं धरून चालू नका. मोठ्या दुकानात एक रुमाल घेतला तर तो कागदात, कागद खोक्यात, खोकं पिशवीत आणि बाहेर पाऊस असेल तर पिशवीवर प्लॅस्टिकचं आवरण. इथे विकल्या जाणाऱ्या कपड्यांपैकी ९८ टक्क्यांच्या आसपास नग परदेशातून येतात, आणि टाकून दिलेल्या कपड्यांतले बहुतेक भट्टीत जळतात. माझी शेजारीण कपड्यांची पिशवी कचऱ्याच्या जागी ठेवताना 'मोत्ताइनाई' म्हणते. मनापासून म्हणते. पण पिशवी ठेवते.

बोरोची गोष्ट वेगळी. उत्तरेच्या आओमोरी भागात इतकी थंडी की कापूस पिकायचा नाही. शेतकऱ्याच्या अंगावर भांगेच्या झाडाच्या धाग्याचं खरखरीत कापड. दक्षिणेकडून जहाजांनी जुन्या सुती कापडाचे तुकडे यायचे, ते बायका त्यावर थरावर थर लावून शिवायच्या. 'बोरोबोरो' म्हणजे फाटून चिंध्या झालेलं. तानाका चुझाबुरो नावाचे एक संग्राहक घरोघर हिंडून हे कपडे जमवत होते, तेव्हा लोकांना ते दाखवायचीही लाज वाटायची. त्यांच्या संग्रहातले नग तोक्योच्या आसाकुसा भागातल्या एका संग्रहालयात २००९ ते २०१९ अशी दहा वर्षं मांडलेले होते आणि त्यांना हात लावायची मुभा होती. मी लावला. एक जाडजूड, अंगरख्यासारखं पांघरूण होतं, ज्यात रात्री सगळं घर एकमेकांच्या उबेनं झोपायचं. खांद्याजवळ निळ्याच्या सात-आठ छटा, एकावर एक. वरचा थर झिजून खालचा दिसत होता आणि टाके मात्र जागच्या जागी. माझ्या हाताला ते ओळखीचं लागलं. आजीची गोधडी अशीच होती : आत कुणाची नऊवारी, कुणाचं धोतर, वर आईचं पातळ. ओटीवर चार बायका चार कोपऱ्यांना बसून ती शिवायच्या आणि पावसाळ्याआधी संपवायच्या.

आता हा शब्द पुण्यातल्या जॅकेटावर चिकटवायचा? ज्यांनी तो लाजेनं सोसला त्यांचं त्यात काय? २०१९ साली एका अमेरिकन तारकेनं आपल्या अंतर्वस्त्रांना 'किमोनो' नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा क्योतोच्या महापौरांनी तिला पत्र लिहून विनवलं आणि तिला नाव बदलावं लागलं. २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचं नाव न घेता चालल्या, तेव्हा आपण सगळे पेटलो होतो. भाचीनंही त्यावर मला भलामोठा मजकूर धाडला होता. मग बोरोला वेगळा न्याय कसा?

"मग 'बोहारीण' ठेवू का?" ती चिडून म्हणाली. तेही नाही. आमच्या दारात दोन साड्या आणि एका विजारीवर स्टीलचं पातेलं देणाऱ्या त्या बाईनं कपडे फिरवण्याचा धंदा आपल्या सगळ्यांच्या आधी केला. तिला आपण ओट्याच्या वर कधी येऊ दिलं नाही. तिचा वाटा असेल तर तिचं नाव घ्यावं.

मग इथली माणसं नाव ठेवतात तरी कशी, हे बघायला मी आरिमात्सूला गेले. नागोयातच आहे, रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत. एदो-क्योतोच्या जुन्या तोकाइदो रस्त्यावर १६०८ साली वसलेलं गाव. शेतीला जमीन अपुरी, म्हणून लोकांनी सुती कापड बांधून, रंगवून वाटसरूंना विकायला सुरुवात केली. आपल्या बांधणीचंच भावंड. एका घराच्या पडवीत सत्तरीपुढची बाई बसली होती. समोर लाकडी ठोकळ्याला आकडा. कापडाचा मध्य त्यात अडकवायचा, बोटांनी बारीक चुण्या गोळा करायच्या आणि बुडापासून टोकापर्यंत दोरा गुंडाळत जायचा. लहानसं शिंग तयार होतं. रंगवून वाळल्यावर दोरा ओढला की तटतट आवाज करत सुटतो आणि आत कोळ्याचं जाळं उमटलेलं असतं. ही एकच बांधणी ती लहानपणापासून करते. बाकीच्या शंभरेक प्रकारांतला एखादा शेजारच्या घरी, एखादा पलीकडच्या गल्लीत.

आणि नाव? दारावरच्या पडद्यावर घराचं नाव. त्या पडद्याला नोरेन म्हणतात. कापडाचं नाव : आरिमात्सू-नारुमी शिबोरी. म्हणजे गावाचं नाव आणि कामाचं नाव, बस्स. कुरुमे कासुरी, त्सुगारू कोगिन, सगळीकडे तेच. याच गावातल्या 'सुझुसान' या घराण्याच्या मुलानं २००८ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला व्यवसाय सुरू केला, तोही घरच्याच नावानं. या नावांत पृथ्वी नाही, हिरवं पान नाही. पण बिनसलं तर कुणाच्या दारात जायचं ते कळतं. भरवशाच्या नोकरानं वर्षानुवर्षं काम केलं की मालक त्याला त्याच पडद्याचं नाव देऊन वेगळं दुकान घालून द्यायचा. त्याला 'पडदा वाटणं' म्हणतात. आपल्या पेठांमध्ये 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी लहानपणी मला अभिमानाची वाटायची. आरिमात्सूहून परतताना मला आमच्या गल्लीतल्या दुकानातला तो गडी आठवला, ज्यानं चाळीस वर्षं कापड फाडून दिलं आणि शेवटी रिकाम्या हातानं घरी गेला.

राग खरा आपल्याच लोकांचा येतो. गाव आणि काम सांगणारी नावं आपल्याकडे काय कमी होती? पैठणी, इरकल, सोलापुरी चादर. इथे १९७४ च्या कायद्यानं परंपरागत कारागिरीच्या वस्तूंना शासनाची मान्यता मिळते आणि दुकानदारही त्या नावाला जपतो. आपल्याकडे भौगोलिक मानांकन आहे, कागद आहे, पण काउंटरवर कुणी विचारत नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नात मी एका नामांकित दुकानातून 'येवल्याची हातमागाची' पैठणी घेतली. घरी येऊन पदर उलटला तर मागे कापलेल्या धाग्यांची जाळी. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा असतो. परत गेले तर उत्तर मिळालं, "ताई, आता सगळे पैठणीच म्हणतात." ते वाक्य बारा वर्षं माझ्या डोक्यात आहे. इतक्या मेहनतीनं कमावलेलं नाव दुकानदार दोन हजार वाचवायला फुंकून टाकतो आणि नवी मुलं त्याच्या शेजारी दुकान काढून परक्या देशात नाव शोधतात.

गेल्या रविवारी भाचीला फोन केला. विचारलं, "जॅकेटं शिवतं कोण?"

"वाईजवळच्या गावातल्या बायका आहेत सहा जणी."

"नावं सांग."

तिनं चार सांगितली. पाचवीला सगळे काकी म्हणतात. सहावी नवी आहे, पैसे तिच्या सासूकडे जातात.

"आणि गावाचं नाव?"

ते सांगितलं. छोटंसं, जोडाक्षर नसलेलं, तीन अक्षरांचं नाव आहे.

"मावशी, त्या गावाचं नाव पुण्यात कुणाला माहीत नाही गं."

"आरिमात्सूचं तरी तुला माहीत होतं का?"

ती गप्प बसली. मग म्हणाली, नाव वापरायचं तर आधी त्या सहाजणींना विचारावं लागेल, आणि त्यांनी भाव वाढवून मागितला तर नाही म्हणता येणार नाही. गुरुवारी कापड पोचवायला ती जाणारच आहे. सहाव्या बाईला भेटून येते म्हणाली, सासू घरात नसेल अशा वेळी.