मचाणावरचा खरा धोका

वैशाख पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगतच्या झाडावर मचाण बांधून वन्यप्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा महाराष्ट्रातील अभयारण्यांमध्ये अनेक वर्षांपासून चालत आली आहे. ऐन उन्हाळ्यात ओढे-नाले आटलेले असतात, उरलेल्या मोजक्या डबक्यांवर जनावरांना यावेच लागते आणि चांदणे स्वच्छ असल्याने दिव्याविना ती दिसतात, असा त्यामागचा साधा हिशेब. ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यात ही नोंद होते. मुंबई-नाशिक महामार्गाच्या एका अंगाला माहुलीचा किल्ला व तानसाचे रान, तर दुसऱ्या अंगाला भातसा धरण आणि धरणामुळे वसलेले भातसानगर. पुढे दक्षिणेकडे मुरबाडमार्गे हीच वनराजी माळशेज-भीमाशंकरच्या डोंगरांना जाऊन भिडते. ज्या पट्ट्यातून मुंबईला पाणी मिळते, त्याच पट्ट्यात रात्र काढण्याचे आकर्षण मुंबई-ठाण्याच्या वाचकांना वाटावे, हे स्वाभाविकच आहे.

या रात्रीची तयारी करताना शहरी माणसाच्या मनात प्रश्न येतो तो बिबट्याचा. मचाण किती उंच असेल, बिबट्या झाडावर चढतो का, विजेरी कोणती न्यावी, याची चौकशी होते. आपण स्वतः झाडावरून पडू शकतो, हा विचार मात्र क्वचितच कोणाला शिवतो. वस्तुतः मचाणावर बसणाऱ्याला जनावरापासून असलेला धोका अल्प आहे; जो आहे तो गुरुत्वाकर्षणाचा. पंधरा फुटांवरून सुटलेला माणूस एका सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे ३४ किलोमीटर असतो. खाली तलावाची माती नसून बहुधा काळा कातळ किंवा ओढ्यातले गोटे असतात. तोल सावरण्यास, फांदी पकडण्यास एवढा वेळ पुरत नाही. मणका, कंबर, टाच आणि डोके ही अशा पडण्याची नेहमीची लक्ष्ये होत.

बंदूक गेली, मचाण राहिले

मचाण हे मूळचे शिकाऱ्याचे आसन. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये जिल्ह्यातील वाघांचा उल्लेख आहे. आज तेथे बिबट्या हाच मोठा शिकारी प्राणी उरला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारबंदी अधिक कडक झाली आणि मचाणावरची बंदूक कायद्याच्या दृष्टीने संपली. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्यास मारण्याची परवानगी वनाधिकारी विशिष्ट परिस्थितीत, लेखी आदेशाने देऊ शकतात. त्याखेरीज जो बंदूक घेऊन झाडावर बसतो तो गुन्हेगार ठरतो. वाघांच्या मोजणीची पद्धतही बदलली. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का येथून वाघ नाहीसे झाल्याचे उघड झाल्यानंतर स्वयंचलित कॅमेरे व रेषीय पाहणी यांवर आधारलेली गणना रूढ झाली. पाणवठ्यावरच्या रात्रीस वनखाते आता निसर्गानुभव म्हणते, आणि ते नाव प्रामाणिक आहे.

आसन मात्र होते तसेच राहिले. चार-पाच बळ्या किंवा बांबू, त्यावर आडव्या काठ्यांची तरफ, वर थोडा पालापाचोळा किंवा चटई, आणि चढायला बांबूची शिडी. शिकारीच्या काळातली कित्येक वर्णने वाचली, तर जनावराच्या डरकाळीबद्दल पानेच्या पाने आढळतात. बांधणीबद्दल चार ओळी. सवयीच्या माणसाला त्यात सांगण्यासारखे काही वाटत नसावे. आता तेथे बसणारा माणूस सवयीचा नाही. तो आठवडाभर कार्यालयात खुर्चीवर बसतो, शेवटचा झाडावर चढला तो शाळेत असताना, आणि त्याच्या पाठीवर पाण्याच्या बाटल्या, दुर्बीण व कॅमेऱ्याची पिशवी असते.

पडतो कोण, केव्हा

अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी झाडावर आसन लावण्याची पद्धत आजही कायदेशीर व सार्वत्रिक आहे. तेथील शिकाऱ्यांच्या गंभीर अपघातांत आसनावरून पडणे हे एक प्रमुख कारण मानले जाते. या अनुभवातून पुढे आलेली गोष्ट अशी की, माणसे आसनावर बसलेली असताना जितकी पडतात, त्याहून अधिक चढता-उतरताना आणि शिडीवरून आसनावर पाय टाकताना पडतात. त्यामुळे वर पोहोचल्यावर दोर बांधणे म्हणजे अर्धा धोका ओलांडून झाल्यावर छत्री उघडणे. पूर्वी तेथे कमरेला नुसता पट्टा बांधत. पडल्यावर तो पट्टा पोटात आणि बरगड्यांत रुततो, माणूस उलटा लटकतो, श्वास कोंडतो, असे दिसून आल्यावर तो मागे पडला. आता मांड्या, छाती व खांदे यांवर भार वाटून घेणारा पूर्ण अंगाचा हार्नेस वापरला जातो. तेथील आसने बनविणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचे सभासद प्रत्येक आसनासोबत तो देतात.

आपल्याकडे हार्नेस म्हटला की सह्याद्रीतील सुळके चढणारे गिर्यारोहक आठवतात, नाहीतर उंच इमारतीच्या बांधकामावरचे कामगार. बांधकामाच्या पट्ट्यांसाठी आयएस ३५२१ हे भारतीय मानक आहे, आणि ते चिन्ह असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस औद्योगिक सामानाच्या दुकानात मिळतो. मचाणासाठी तो पुरेसा आहे. अडचण किमतीची नाही, तो कशाला आणि कसा अडकवावा हे ठाऊक नसण्याची आहे.

येथे सर्वांत नेहमीची चूक म्हणजे दोराचे दुसरे टोक मचाणाच्याच बांबूला बांधणे. मचाण मोडले, सुतळी सुटली, तर माणूस आणि त्याचा आधार एकत्रच खाली येतात. दोर झाडाच्या जिवंत, जाड बुंध्यालाच हवा आणि तो बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर हवा. बसल्यावर दोरात ढील उरू नये. ढील जितकी, तितके पडणे. आणि ताण न घेणाऱ्या दोरावर तीन-चार फुटांच्या पडण्यानेही जो हिसका बसतो, तो पट्टा सहन करील, पाठीचा कणा करील असे नाही. झोप लागून माणूस एका अंगाला कलंडला, तर दोराने त्याला तेथल्या तेथे धरले पाहिजे. पहाटे दोन ते चारच्या सुमारास शरीराची झोपेची ओढ सर्वाधिक असते, आणि नेमक्या त्याच वेळी पाणवठ्यावर काही हालले म्हणून माणूस बधिर झालेल्या पायांवर झटकन पुढे वाकतो.

चढताना-उतरताना सुरक्षित राहण्याची युक्ती आल्प्समध्ये सापडली. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली एका गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले. जाड दोरावर बारीक दोरीचे वेढे अशा रीतीने घ्यायचे, की ताण नसताना गाठ हाताने वर-खाली सरकते आणि भार पडताच घट्ट आवळते. मचाणाच्या वरच्या बुंध्यापासून जमिनीपर्यंत एक जाड दोर सोडून ठेवला आणि त्यावरची ही गाठ हार्नेसला जोडली, की जमिनीवरून पाय सुटल्यापासून परत टेकेपर्यंत माणूस एक क्षणही मोकळा राहत नाही. गाठ सरकवत चढायला दोन मिनिटे अधिक लागतात. रात्रभर बसायचे असता दोन मिनिटांची घाई कोणाला असावी?

बाकीच्या गोष्टी व्यवहारज्ञानाच्या आहेत. पिशवी पाठीवर न घेता मागाहून दोरीने वर ओढावी. शिडी मचाणाच्या कडेपेक्षा हातभर उंच असावी, म्हणजे पाय टाकताना धरायला काही राहते. गेल्या वर्षीचे मचाण पावसाळ्यात भिजलेले आणि वाळवीने पोखरलेले असते. ते पाहून गहिवरून न जाता मोडून टाकावे. झाडाची निवड गावकऱ्यांवर सोपवावी. जांभळाची फांदी जाड दिसली तरी कडकन मोडते, हे शहापूरच्या कोणत्याही पाड्यावरचे पोर सांगेल. हार्नेसही अमर नसतो: उन्हाने त्याचे धागे जुने होतात, उंदीर ते कुरतडतात, आणि एकदा कोणाला पडताना धरलेला हार्नेस पुन्हा वापरायचा नसतो.

हार्नेसने धरले म्हणजे सुटका झाली, असेही नाही. लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचू लागते आणि निश्चल लटकत राहिल्यास शुद्ध हरपू शकते. म्हणून हार्नेसला एक लांब फास जोडून ठेवतात. लटकताच त्यात पाऊल घालून उभे राहायचे व पाय हलवत राहायचे. सोबतीने त्याला लवकरात लवकर खाली घ्यायचे. अशा माणसाला आडवे करू नये, बसवूनच ठेवावे, असा सल्ला पूर्वी दिला जाई. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने करविलेल्या २००९ च्या अभ्यासात त्याला आधार आढळला नाही. त्याला नेहमीच्या प्रथमोपचाराप्रमाणे आडवे निजवावे. जमिनीवर पडलेल्याची गोष्ट वेगळी. मणक्याला इजा झाली असेल असे धरूनच चालावे, त्याला उठवू-बसवू नये, मान स्थिर ठेवावी आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जंगलात मोबाइलला संपर्क मिळत नाही, म्हणून तो कोठे मिळतो हे दिवसाउजेडी पाहून ठेवलेले बरे. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण पाणवठ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट खाटेवरूनच काढावी लागते.

कोयत्याला आकडी, माणसाला काही नाही

आतापर्यंतचे विवेचन वर्षातून एका रात्री झाडावर बसणाऱ्यांचे झाले. त्याच तालुक्यांत झाडावर चढणे हा ज्यांचा रोजचा उद्योग आहे, त्यांच्याविषयी वृत्तपत्रांतून फारसे लिहिले जात नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची रीत शहापूर-मुरबाडमध्ये जुनी आहे. हिवाळा सरता सरता शेतकरी ऐनासारख्या झाडांवर चढून डहाळ्या छाटतो, त्या वाळल्या की शेण, पाला, गवत व माती यांच्या थरांसह रोपवाटिकेच्या तुकड्यावर पसरून पावसापूर्वी भाजतो. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत जंगलावरील निर्बंधांमुळे राबाचा प्रश्न इतका पेटला होता, की १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे तो एक मुख्य विषय होता. लोकांना झाड छाटण्याचा हक्क किती, यावर तेव्हा भरपूर कागद खर्ची पडला. छाटणारा वरून पडला तर काय, हा मुद्दा हक्काच्या वादात बसणारा नव्हता.

हा छाटणारा अनवाणी चढतो. एका हाताने फांदी धरून दुसऱ्याने कोयता चालवतो. काम नसताना कोयता कमरेच्या आकडीत अडकवलेला असतो, म्हणजे हत्यार पडू नये याची सोय पिढ्यान् पिढ्या आहे. मधासाठी, मोहासाठी, आंब्यासाठी चढणारे कातकरी आणि ठाकूर यांची स्थितीही याहून वेगळी नाही. त्यांचे कौशल्य वादातीत आहे. तथापि कौशल्य मोडकी फांदी जोडत नाही. पूर्ण हार्नेस त्यांना छाटणी करताना अडचणीचा वाटेल, हे मान्य करावे लागेल. बुंध्याभोवती फिरणारा आणि हार्नेसच्या दोन्ही कडांना अडकणारा आखूड दोर, ज्याच्यावर रेलून विजेच्या खांबावरचा कामगार दोन्ही हात मोकळे ठेवतो, तो येथे जास्त उपयोगी पडेल.

अपघात झालाच, तर राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. उंचावरून पडून झालेला मृत्यू तीत धरला जातो व कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. अपंगत्वासाठीही तरतूद आहे. मात्र ही योजना सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. दुसऱ्याच्या ऐनावर मजुरीने चढलेल्या भूमिहीन कातकऱ्याचे नाव कोणत्याही सातबारावर नसते.

बुद्धपौर्णिमेची मचाणे बांधतात तेही याच पाड्यांवरचे मजूर. स्वयंसेवकांसाठी हार्नेस व दोर आणले, तरी सर्वांत आधी, वर काहीच बांधलेले नसताना, झाडावर चढतो तो मजूर. आणि सगळे परतल्यावर दोर सोडून सर्वांत शेवटी उतरतो तोही तोच. सुरक्षेचा दोर ज्याच्या हाताने लागतो, त्यालाच तो लाभत नाही. यावर तोडगा अवघड नाही. पहिल्या चढाईत त्याला खांबावरच्या कामगारासारखा बुंध्याचा आखूड दोर द्यावा. शेवटी मुख्य दोर काढण्यापूर्वी वरच्या फांदीवरून एक बारीक दोरी दुहेरी सोडून ठेवावी, आणि त्याच आखूड दोराच्या आधाराने त्याने उतरावे. पुढच्या वैशाखात त्या दोरीची स्थिती तपासून, ती धड असल्यास तिला नवा जाड दोर बांधून जमिनीवरूनच वर ओढता येतो, आणि पहिल्या चढाईलाही दोर तयार असतो.