दहा सहस्र हत्तींचें बळ

देवगडच्या दक्षिणेस समुद्रकांठीं श्रीकुणकेश्वराचें देवस्थान आहे. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते. ओहोटी लागली म्हणजे किनाऱ्याच्या कातळांतलीं शिवलिंगें उघडीं पडतात, आणि तीं पांडवांनीं कोरलीं असें जुनीं माणसें सांगतात. गेल्या यात्रेंत आमच्या घरचीं मुलें त्याच कातळावर बसून भांडूं लागलीं. भीम अधिक बलवान् कीं मारुति, असा वाद होता. तिसऱ्यानें आपल्या चित्रपुस्तकांतला अमेरिकन सुपरमॅन पुढें केला.

वाद घरीं आला तेव्हां विज्ञान शिकणारे थोरले चिरंजीव म्हणाले, "हें सारें थोतांड आहे." आजीबाई म्हणाल्या, "अरे, तुमचें सारें विज्ञान आपल्या ऋषींना आधींच ठाऊक होतें." दोन्ही उत्तरांनीं मुलांचीं तोंडें मिटलीं, आणि खरी हानि तीच होय. पहिलें उत्तर ऐकून मूल महाभारत मिटून ठेवतें. दुसरें ऐकून विचार करणें सोडतें. म्हणून आम्हीं कागद-पेन्सिल घेऊन त्या वादाचा हिशेब मांडला. तोच वाचकांपुढें ठेवितों.

आदिपर्वांत कथा आहे कीं, दुर्योधनानें विष घालून गंगेंत टाकलेला भीम नागलोकीं पोंचला, तेथें रसाचीं आठ कुंडें प्यायला आणि दहा सहस्र हत्तींचें बळ घेऊन परतला. एका हत्तीचा जोर अवघा एक टन धरूं. म्हणजे भीमाचा जोर दहा हजार टन, अर्थात् एक कोटि किलो झाला. ताडून पाहण्यास मानवी माप घ्यावें: सन २०२१ च्या जागतिक स्पर्धेंत जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झे यांनीं २६७ किलो वजन डोक्यावर उचललें. भीम त्यांच्या सदतीस हजार पटींहून अधिक!

हा जोर येणार कोठून? स्नायूचा एक चौरस सेंटिमीटर छेद सुमारें तीन किलो ओढूं शकतो. प्राणी लहान असो वा मोठा, यांत फारसा फरक पडत नाहीं. तेव्हां एक कोटि किलोंसाठीं वीस मीटर व्यासाचा, म्हणजे सहा मजली घराएवढा जाड स्नायु हवा. मग भीमालाच मोठा करावा, असें मुलांनीं सुचविलें. येथें गॅलिलिओ आडवा येतो. त्यानें १६३८ सालच्या ग्रंथांत दाखविलें कीं, देह सर्व बाजूंनीं दुप्पट केला तर हाडांचा छेद चौपट होतो, वजन मात्र आठपट होतें. हत्तीचे पाय खांबांसारखे असतात ते याचमुळें. आकार वाढवून काम भागत नाहीं; देहाचें द्रव्यच निराळें हवें. आणि महाभारतकार नेमकें तेंच सांगतात. वाघाच्या भीतीनें कुंती दचकून उठली, तान्हा भीम मांडीवरून खडकावर पडला, आणि खडकाचे शंभर तुकडे झाले. देह वज्राचा, असें कवीनें आधींच सांगून ठेविलें आहे.

आतां पायांखालच्या भूमीचा विचार करूं. छातीवर फळी ठेवून तिजवर हत्ती उभा करणारे प्रोफेसर राममूर्ति आमच्या वडिलधाऱ्यांच्या बोलण्यांत नेहमीं येत. फळी हेंच त्यांतलें मर्म: भार पसरला कीं दाब घटतो. उलट, सारा भार दोन तळपायांवर आला तर? तळपायांचें क्षेत्रफळ सुमारें चारशें चौरस सेंटिमीटर. आपला कोंकणचा जांभा खाणींतून काढतांना मऊ असतो, वाऱ्यावर टणक होतो. तरी चौरस सेंटिमीटरला तीसेक किलोंपलीकडे त्याचा भरंवसा धरवत नाहीं. म्हणजे बारा टन उचलतांच जांभा पायांखालीं चुरूं लागेल. घाटावरचा काळा पाषाण सहाशें टनांपर्यंत टिकेल. सुपरमॅन १९३८ सालच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर केवळ एक मोटार उचलतो. तेवढें जांभाही सोसेल. पुढें त्याच्याकडून पर्वत हलविले गेले, पण त्याच्या पायांखालची जमीन बहुधा तशीच राहिली. वाल्मीकि मात्र विसरत नाहींत. समुद्रोल्लंघनासाठीं मारुतीनें पाय रोवले तेव्हां महेंद्र पर्वत दबून त्यांतून पाणी उसळलें, असें सुंदरकांडांत वर्णन आहे.

सर्वांत नवल धृतराष्ट्राच्या मिठीचें. युद्धानंतर आंधळा राजा भीमाला आलिंगन द्यावयास निघाला. श्रीकृष्णानें त्याचा हेतु ओळखून लोखंडी भीम पुढें केला. धृतराष्ट्राचेंही बळ दहा सहस्र हत्तींचें. पुतळा भरीव आणि मिठीचें क्षेत्र दीड हजार चौरस सेंटिमीटर धरलें, तर घडीव लोखंड दबूं लागण्यास चौरस सेंटिमीटरला दोन हजार किलो, म्हणजे एकूण तीन हजार टन जोर लागेल. चुरा होण्यास त्याच्या तिप्पट धरला तरी आंकडा दहा हजारांच्या आंतच राहतो! आणि स्त्रीपर्वांत पुढें काय आहे? राजाची छाती चेंबली आणि मुखावाटे रक्त आलें. हाड चौरस सेंटिमीटरला सतराशें किलोंच्या सुमारास मोडतें, लोखंडाच्याही आधीं. जेवढा दाब द्यावा तेवढाच उलट घ्यावा लागतो, हा नियम न्यूटननें १६८७ सालीं लिहिला.

मग व्यासांना न्यूटन ठाऊक होता काय? नाहीं. नियम मोजमापानें सिद्ध करावा लागतो. त्याचें श्रेय ज्याचें त्यास द्यावें. पण कवीनें मल्ल पाहिले होते, आणि जोरानें मारणाऱ्यालाही लागतें हें त्याच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. थोतांड रचणाऱ्याला ही काळजी नसते.

मुलांना निकाल हवाच होता. शंभर मीटर उंच आणि पायथ्याशीं चारशें मीटर रुंद अशी लहानशी टेकडीसुद्धां एक कोटि टन भरते. तेव्हां द्रोणागिरि आणणारा मारुति भीमाच्या हजारपट ठरला. तळहातावर तो पर्वत अखंड कसा राहिला, याचें उत्तर कोणत्याच दगडापाशीं नाहीं. तें भक्तीकडे सोपविलें.

धाकट्यानें हें ऐकून उंबऱ्यावर मूठ आपटली आणि "लागलें" म्हणून हात झटकला. आजीबाई हसून म्हणाल्या, "धृतराष्ट्रालाही लागलें होतें, बाळ." त्या रात्रीं स्त्रीपर्व काढून वाचलें, तेव्हां थोरले चिरंजीवही ऐकावयास बसले होते.