पिसे झडली म्हणून कोंबडी विकू नका
पावसाळा सरून दिवस लहान होऊ लागले की भंडारा जिल्ह्यात घरोघरच्या कोंबड्या पिसे टाकतात. तुरा फिका पडतो, अंडी थांबतात. आजारी समजून पडेल भावात विकाल तर नुकसान तुमचेच. दोन-तीन महिन्यांत नवी पिसे येतात, मग अंडीही सुरू होतात.

पिसात 80 टक्क्यांवर प्रथिने असतात. म्हणून नुसता भाताचा कोंडा पुरत नाही. त्यात शेंगदाण्याची पेंड, सुक्या मासळीचा चुरा मिसळावा. नवी पिसे दुखरी असतात, कोंबडी उगाच धरू नये.

मात्र हिरवी हगवण, चोच उघडून श्वास, वाकडी मान दिसली तर राणीखेतची शंका घ्या. त्याला लस आहे, औषध नाही. कोंबडी वेगळी ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बाजारात नेल्यास दहा घरांची खुराडी रिकामी होतील.