नाव तेच, माप वेगळं

लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम टाकायला जावं, तर पॅकेज मॅनेजर आधी पाच-दहा लायब्ररींची यादी पुढे करतो. ही यादी कोणी हाताने लिहीत असेल असं वाटतं, पण डेबियन या लिनक्स-वितरणात सहसा तसं नसतं. पॅकेज बांधताना डीपीकेजी-शलिबडेप्स हे साधन तयार बायनरी उघडतं आणि तिला लागणाऱ्या लायब्ररींची आत नोंदलेली नावं वाचतं. उदाहरणार्थ, लिबएसएसएल.एसओ.३. हे नाव म्हणजे एसओनेम. जुने प्रोग्रॅम मोडतील असा बदल झाला, की लायब्ररीच्या कर्त्याने शेवटचा आकडा बदलायचा असतो. तोच आकडा पॅकेजच्या नावातही येतो, म्हणून जुनी आणि नवी लायब्ररी एकाच यंत्रावर नांदू शकतात.

प्रोग्रॅम चालू असताना डीएलओपन या फंक्शनने उघडलेली लायब्ररी मात्र या साधनाला दिसत नाही. लिनक्स यंत्रणा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीने आता अशा लायब्ररींची वेगळी नोंद बायनरीतच ठेवायला सुरुवात केली आहे. उशिरा का होईना, बरं केलं.

पण नावावर विसंबण्याच्या या पद्धतीची खरी कसोटी लागली ती २०२४ मध्ये. युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं. टाइम_टी हा त्याचा प्रकार ३२ बिटांचा असेल, तर १९ जानेवारी २०३८ ला मोजणी संपते. म्हणून ३२ बिटी एआरएमवर तो ४ बाइटवरून ८ बाइटवर न्यायचं डेबियनने ठरवलं. लायब्ररींच्या मूळ कोडमध्ये काहीच बदल नव्हता, त्यामुळे एसओनेमही तेच राहिलं. पण ज्या रचनांमध्ये वेळ साठवलेली असते, त्यांची लांबी बदलली. जुना प्रोग्रॅम नव्या लायब्ररीशी जोडला, तर तो भलत्याच जागचे बाइट वाचणार, आणि पॅकेज मॅनेजरला त्याचा पत्ताही नाही! तो नाव बघतो, माप बघत नाही.

शेवटी डेबियननेच शेकडो लायब्ररींच्या पॅकेजच्या नावांना शेपूट जोडलं: लिबएसएसएल३ चं झालं लिबएसएसएल३टी६४. ६४ बिटी यंत्रांवर माप मुळातच मोठं होतं. तिथे नवं पॅकेज जुन्या नावालाही ओ देतं, म्हणजे जुनी यादी तशीच चालते. ३२ बिटी एआरएमवर ती सवलत नाही, तिथे अवलंबून असलेलं सगळं पुन्हा बांधावं लागलं. नाव कुरूप आहे खरं, पण एसओनेमचा आकडा परस्पर वाढवून बाकीच्या लिनक्सशी फारकत घेण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या ट्रिक्सी या डेबियनच्या आवृत्तीत हा बदल आहे. आय३८६, म्हणजे ३२ बिटी इंटेल, मात्र मुद्दाम वगळलं, कारण जुने तयार प्रोग्रॅम चालवणं एवढंच त्याचं काम उरलं आहे. तुमच्या कारखान्यात किंवा दुकानात त्यावर काही चालत असेल, तर आत्ताच यादी करा. २०३८ मध्ये मोजणी संपण्याची ती वेळ आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांची आहे.