सुटलेल्या पोटातले नेमके काय सुटले?

‘पोट सुटले’ हा शब्दप्रयोग आपण मराठीत सरसकट वापरतो. बैठ्या नोकरीत चाळिशी गाठलेल्याचे पोट सुटते, दोन बाळंतपणे झालेल्या बाईचे सुटते आणि तीस किलो वजन उतरवलेल्या माणसाचेही सुटलेलेच दिसते. पण या तिघांच्या पोटात सुटलेली गोष्ट एक नसते. बाहेरून आत जात राहिले तर आधी त्वचा लागते, तिच्याखाली चरबीचा थर, मग दोन उभे स्नायू व त्यांना सांधणारी मधली पट्टी आणि त्यांच्याही आत आतड्यांभोवतीची चरबी. बिघाड यांपैकी कुठल्याही थरात असू शकतो. म्हणून बेंबीच्या वरची सैल त्वचा खटकणाऱ्याने शस्त्रक्रियेचे नाव आणि खर्च विचारण्याआधी आपला कोणता थर सुटला आहे, हे विचारावे. जाहिरातींत मात्र शस्त्रक्रियेचे नाव आधी येते आणि थराचा विषय निघतच नाही.

थर ओळखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. चिमटीत पातळ, सुरकुतलेली घडी आली तर दोष मुख्यतः त्वचेचा. जाड, गुबगुबीत घडी आली तर त्वचेखालच्या चरबीचा. उताणे झोपून डोके उचलल्यावर छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत उभा उंचवटा वर आला तर मधली पट्टी ताणून स्नायू फाकले आहेत असे समजावे. बाळंतपणानंतर हे अनेकींच्या बाबतीत घडते. आणि उताणे झोपूनही पोट बरगड्यांच्या वर टणक उभेच राहिले, चिमटीत फारसे काही आलेच नाही, तर चरबी आत आहे. तिला कुठलीच सौंदर्यशस्त्रक्रिया हात लावत नाही. आपल्याकडे हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाचे पोट पुढे का येते, याचे एक उत्तर त्या एका फोटोत आहे.

दोष खरोखर त्वचेचाच असेल तर प्रश्न दिशेचा होतो. बेंबीखालच्या भागाला आपण ओटीपोट म्हणतो. वरच्या भागाला रोजच्या बोलण्यात तसे वेगळे नावच नाही, आणि शस्त्रक्रियेतही तो भाग असाच थोडा अडचणीचा. जिथे सैल आहे तिथेच कापले तर वण पोटाच्या मधोमध दिसेल. म्हणून पूर्ण ‘टमी टक’मध्ये छेद ओटीपोटाच्या तळाशी, कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत घेतात, त्वचा बरगड्यांपर्यंत मोकळी करून खाली ओढतात आणि जादा भाग कापून टाकतात. बेंबी आपल्या जागीच राहते. वरून सरकलेल्या त्वचेत तिच्यासाठी नवे भोक पाडतात. त्याच वेळी फाकलेले स्नायूही टाके घालून जवळ आणता येतात. ‘मिनी टमी टक’ हे नाव ऐकायला सोपे, पण त्यात काम मुख्यतः बेंबीखाली होते. वरच्या सैलपणासाठी तो पर्याय घेणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे. सैलपणा फक्त वरच असेल, किंवा आधीच्या टमी टकनंतर वरचा भाग तसाच राहिला असेल, तर उलट दिशेची शस्त्रक्रिया असते: छेद स्तनांखालच्या घडीत, ओढ वरच्या दिशेने. तिची अडचण वणाचीच. छातीच्या मधोमध कीलॉइड, म्हणजे फुगून वाढत जाणारा वण, होण्याची शक्यता जास्त आणि सावळ्या त्वचेत ती आणखी जास्त. प्रचंड वजन उतरवलेल्यांची त्वचा आडवीही सैल असते. त्यांना पोटावर उभा छेदही घ्यावा लागतो. एकूण हा सौदा सैल त्वचा देऊन वण घेण्याचा आहे.

वण नको म्हणून लोक लायपोसक्शनकडे वळतात. ते चरबी ओढून काढते, त्वचा कापत नाही. आधीच ढिली असलेली त्वचा आतला भराव गेल्यावर आणखी लोंबू शकते. अर्धी रिकामी केलेली उशी डोळ्यांपुढे आणावी. रेडिओफ्रीक्वेन्सीसारखी यंत्रे उष्णतेने त्वचा आवळतात. सैलपणा थोडा असेल तर थोडा फरक पडतो, पण घडी पडून लोंबणाऱ्या त्वचेपुढे त्यांचे फार चालत नाही.

यावर कोणी म्हणेल, व्यायामाने जे होते त्यासाठी सुरी कशाला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. आतली चरबी आहार-व्यायामाने उतरते आणि फाकलेल्या स्नायूंसाठीही आधी काही महिने योग्य व्यायाम करून पाहावा. पण ताणून तुटलेले त्वचेतील लवचीक तंतू दंड-बैठकांनी जुळून येत नाहीत. वजन उतरवणारी मौन्जारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने 2025 पासून भारतात मिळू लागली आहेत; त्यामुळे हा प्रश्न पुढे अधिक जणांना पडेल. दुसरा आक्षेप हौसेचा: हे श्रीमंतांचे चोचले. बहुधा हौसच असते आणि आरोग्यविमाही सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला सहसा पैसे देत नाही. पण घडीत घाम साचून वारंवार बुरशी होणाऱ्या माणसाला चोचले हा शब्द लावणे अन्यायाचे वाटते. आणि हौस असली तरी, धोका समजून घेऊन केलेल्या हौसेला आक्षेप कशाला?

धोका मात्र खरा आहे. त्वचेखाली पाणी साचणे ही नेहमीची तक्रार. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे क्वचित घडते, पण जिवावर बेतते. म्हणून वजन किमान सहा महिने स्थिर हवे, पुढे मूल हवे असेल तर थांबावे, तंबाखू-सिगारेट निदान चार आठवडे आधी सुटलेली हवी आणि सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी असावी. आणखी एक गोष्ट अनेकजण सांगायला विसरतात. टमी टकमध्ये मोकळ्या केलेल्या त्वचेला रक्त मुख्यतः बरगड्यांच्या बाजूने येते. पित्ताशयाची जुन्या पद्धतीची, उजव्या बरगडीखाली तिरका छेद घेतलेली शस्त्रक्रिया झाली असेल तर ती वाट आधीच कापलेली असते आणि त्या वणाखालची त्वचा काळी पडून मरू शकते. दुर्बिणीने झालेल्या शस्त्रक्रियेत ही अडचण सहसा नसते. तो जुना वण वीस वर्षांपूर्वीचा असला तरी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवावा. पर्याय त्यावरून बदलू शकतो, किंवा नकारही मिळू शकतो.