आधी कान तपासा, मग दर सांगा

हैदराबाद महापालिकेने २०१८ साली कोंडापूरमध्ये खास कुत्र्यांसाठी उद्यान उघडलं. पूर्वी कचरा पडत असे त्या जागेवर हिरवळ आली, लहान आणि मोठ्या कुत्र्यांना वेगळी आवारं मिळाली. गच्चीबावली, माधापूर, कोंडापूर या आयटी पट्ट्यात हे व्हायचंच होतं. नवरा-बायको दोघं नोकरीला, गाव दूर, फ्लॅटमध्ये एक लॅब्रेडॉर. दिवाळी-संक्रांतीला गावी निघायचं तर त्याला ठेवायचं कुठे? कुत्री सांभाळण्याचे, न्हाऊ घालण्याचे, फिरवण्याचे छोटे व्यवसाय याच गरजेतून उभे राहतात. त्यात उतरणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं असं, की गिऱ्हाईक मिळतं; पण दारात आलेल्या कुत्र्याला ‘आज नाही’ म्हणणं जड जातं, आणि धंदा त्यावरच टिकतो.

नाही म्हणण्याचं पहिलं कारण गोचीड. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड घरात मजेत नांदते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते, भिंतीच्या भेगेत किंवा पिंजऱ्याच्या सांध्यात शिरते आणि हजारो अंडी घालते. दख्खनच्या उबेत तिच्या पिढ्या वर्षभर चालतात. तिच्या चाव्यातून एर्लिकिया हा जंतू पसरतो: ताप येतो, खाणं सुटतं, प्लेटलेट्स घसरतात, कधी नाकातून रक्त येतं. लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणजे बोर्डिंगमधून धडधाकट गेलेलं कुत्रं घरी जाऊन आजारी पडतं. तोवर त्या खोलीत आणखी किती कुत्री राहून गेलेली असतात! म्हणून उंबरठ्याबाहेरच कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली बोटं फिरवून पाहावं. गोचीड सापडली तर मालकाला दाखवावी आणि उपचार झाल्यावर या म्हणावं.

लसीकरणाचं कार्डही तिथेच पाहायचं. पार्व्हो या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने तग धरतो. नेहमीच्या फिनाइलने तो जात नाही, सोडियम हायपोक्लोराइट लागतं. लसी अपुऱ्या असलेलं पिल्लू कितीही गोड असो, आत घेऊ नये. त्यात त्याचंच भलं आहे.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांनाच. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. बंद पिंजऱ्यात गरम ड्रायर लावणं त्यांच्या जिवावर बेतू शकतं. उन्हाळ्यात आंघोळी सकाळीच उरकाव्यात, आणि इन्व्हर्टर ही चैन समजू नये.

हिशेबाचं थोडक्यात. बोर्डिंग सणांना आणि सुट्ट्यांत भरतं, भाडं मात्र बारा महिने. ते निघतं दरमहा येणाऱ्या आंघोळी-नखांवर. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की सेवांसाठी जीएसटी नोंदणी लागते. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारांना करमाफी आहे, ग्रूमिंग-बोर्डिंगला नाही.

आणि दिवाळी. परक्या जागी पहिला फटाका वाजला की शांत कुत्रंही फटीतून निसटतं, म्हणून बाहेर जायला एकामागे एक दोन दारं हवीत. पण त्याआधी, सणाच्या पंधरा दिवस अगोदर, नव्या कुत्र्याला घरची वापरलेली चादर देऊन एक रात्र ठेवून पाहावं. रात्रभर ते जेवलं नाही, दाराशीच ओरबाडत बसलं, तर सकाळी मालकाला स्पष्ट सांगावं, आगाऊ रक्कम परत करावी आणि त्याच्याच घरी येऊन राहील असं कुणी शोधून द्यावं.