उजळा नको, मूळ रूप हवे

स्वतंत्र भारताने पहिली स्मारक नाणी काढली ती १९६४ साली, पंडित नेहरूंच्या निधनानंतर. रुपया आणि पन्नास पैसे, दोन्ही निकेलची. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त दहा रुपयांचे चांदीचे नाणे आले. १९७० पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेशी जोडलेली ‘सर्वांना अन्न’ या विषयाची नाणी निघू लागली. १९७३ च्या नाण्यांवर अधिक धान्य पिकवण्याचे आवाहन आहे. ती टाकसाळीत पडत होती तेव्हा महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळाने होरपळला होता आणि राज्याचे मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक. शेतीवर जगणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातल्या संग्राहकाला ही नाणी आपल्याच इतिहासाची वाटावीत, असा हा योग आहे.

ही नाणी आज यवतमाळ, वणी, पुसदच्या सराफ्यात, नागपूरच्या नाणे-प्रदर्शनांत आणि ऑनलाइन लिलावांत भेटतात. एकाच साली, एकाच टाकसाळीत पडलेल्या दोन नाण्यांपैकी एक चांदीच्या मोडीच्या भावात जाते आणि दुसऱ्याला संग्राहक कितीतरी जास्त मोजतात. हा फरक पृष्ठभागाचा आहे. नाणे टाकसाळीतून निघाले त्या रूपात किती टिकले आणि ते डोळ्यांना किती भावते, या दोन प्रश्नांवर किंमत ठरते.

वजन आणि टंच

रूप पाहण्याआधी अस्सलपणाची खात्री हवी. नेहरूंचा रुपया १० ग्रॅमचा, २८ मिलिमीटर व्यासाचा. निकेलचा असल्याने तो चुंबकाला चिकटतो. चिकटला नाही तर तिथेच थांबावे. गांधीजींचे दहा रुपये १५ ग्रॅम, ३४ मिलिमीटर आणि ८० टंच, म्हणजे त्यात १२ ग्रॅम शुद्ध चांदी. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे १९७२ चे दहा रुपये २२.५ ग्रॅमचे आहेत, पण चांदी निम्मीच, ११.२५ ग्रॅम. हातात जड लागणाऱ्या नाण्यात हलक्या नाण्यापेक्षा चांदी कमी आहे, हे गिऱ्हाइकाला कोणी आपणहून सांगत नाही. छोटा डिजिटल काटा आणि व्हर्नियर कॅलिपर एवढ्या साधनांनी ढोबळ बनावट नाणी बाजूला पडतात.

सालाखालची खूणही पाहावी. मुंबईची खूण हिऱ्याची, हैदराबादची चांदणीची. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते.

झळाळी म्हणजे चकाकी नव्हे

नाणे पडताना ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे वाहतो. त्या प्रवाहाच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणे दिव्याखाली हळूहळू कलते केले की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. हीच मूळ झळाळी. ती एकदा गेली की कोणताही कारागीर ती परत आणू शकत नाही.

आपल्याकडे चांदी काळवंडली की उजळा देण्याची रीत आहे. चिंच, रिठे, राख, रांगोळी किंवा सराफाकडचे द्रावण, काहीही वापरले तरी नाण्याचा वरचा थर जातो. घासले तर केसासारखे ओरखडे उरतात. द्रावणात वारंवार बुडवले तर प्रवाहाच्या रेषाच विरघळतात आणि नाणे पांढरे पण निर्जीव दिसू लागते. उजळलेले नाणे ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: एकाच दिशेने जाणारे बारीक ओरखडे, मोकळ्या जागेत लख्ख पांढरेपणा आणि अक्षरांच्या खोबणीत काळा मळ, नाणे कलते केले तरी जागचा न हलणारा प्रकाश.

प्रूफ नाण्याच्या बाबतीत फसगत अधिक होते. खास घोटलेल्या ठशांनी आणि एकाहून अधिक आघातांनी प्रूफ नाणे पाडतात. त्याची मोकळी जागा आरशासारखी असते, चित्र बहुधा दुधी दिसते आणि अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात. साधे नाणे पॉलिश करून प्रूफ म्हणून विकायला ठेवले तर त्याच्या अक्षरांच्या कडा गोलावलेल्या दिसतात. भिंगाखाली हा फरक लपत नाही.

रंग चढलेली चांदी

हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीवर सल्फाइडचा पातळ थर चढतो. थर वाढत जातो तसा रंग बदलतो: आधी फिका सोनेरी, मग तांबूस-जांभळा, निळा आणि शेवटी काळा. हा रंग कडेकडून मध्याकडे क्रमाने उतरत आला असेल आणि त्याखालून झळाळी फिरताना दिसत असेल, तर ते नाणे दीर्घकाळ कोणी छेडलेले नाही याचा तो चांगला पुरावा आहे. असा देखणा रंग चढलेल्या नाण्याला संग्राहक जास्त किंमत देतात. उष्णता किंवा गंधक वापरून घाईने चढवलेला रंग मात्र भडक असतो. त्यात पायऱ्या नसतात, आणि तो ओरखड्यांच्या आतही उतरलेला असतो. ओरखडे आधीचे आणि रंग नंतरचा, एवढे त्यातून कळते.

१९७२ पासूनच्या निम्म्या चांदीच्या नाण्यांत तांबे जास्त. त्यांच्यावर इंद्रधनुषी छटा क्वचित येते, तपकिरी झाक येते. तिला दोष मानू नये.

गाल, माथा आणि कडा

टाकसाळीत नाणी एकमेकांवर आपटतात, त्यामुळे कोऱ्या नाण्यावरही ठेचा असतात. ठेच कुठे आहे याला महत्त्व आहे. अक्षरांच्या गर्दीत ती लपते. गांधीजींच्या माथ्यावर किंवा नेहरूंच्या गालावर असेल तर नजर पुन्हापुन्हा तिथेच जाते. म्हणून आधी नुसत्या डोळ्यांनी हातभर अंतरावरून पाहावे, मग दहापट भिंग घ्यावे. भिंगाने दोष मोजता येतात, भावणे मात्र डोळ्यालाच कळते.

आपल्या जिल्ह्यात कडेची तपासणी विशेष काळजीने करावी लागते. पुसद, दिग्रस, दारव्हा पट्ट्यातल्या तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या पेहरावात आणि दागिन्यांत नाण्यांना मानाचे स्थान आहे. तिथली नाणी त्या पेहरावाचा भाग म्हणून मोलाची आहेत. संग्रहासाठी ती सुटी करू नयेत. पण कधीकाळी कडी लावलेले नाणे जोडाचा डाग घासून बाजारात आले, तर चित्राच्या डोक्यावरच्या कडेला सपाट किंवा वेगळ्या रंगाचा ठिपका सापडतो. अशा नाण्याचे संग्रहमूल्य बहुतेक गेलेले असते.

जगाचा अनुभव

अमेरिकेत १८९२ ते १९५४ या काळातल्या स्मारक नाण्यांना ‘क्लासिक’ म्हणतात. तिथे विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडलेल्या १ ते ७० च्या मापावर नाणी जोखतात. १९८६ आणि १९८७ साली तिथे नाणी जोखून पेटीत सीलबंद करणाऱ्या दोन मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. त्यांपैकी एनजीसी ही संस्था नजरेत भरणाऱ्या नाण्याला अंकाबरोबर वेगळी चांदणी देते. समान अंकाची दोन नाणी समान देखणी नसतात, ही कबुलीच त्यात आहे. म्हणून पेटीवरचा अंक वाचण्याआधी नाणे पाहावे, आणि पेटीचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून घ्यावा.

उलट टोकाला आपल्याकडच्या अफवा आहेत. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच-दहा रुपयांचे नाणे लाखोंना विकते, असे संदेश फिरत राहिले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही.

जपणूक

नाणे कडेला धरावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये. कालांतराने हिरवा चिकट थर धरतो. वर्तमानपत्रात किंवा लोकरीत गुंडाळू नये, आणि पिकावर मारायची गंधकाची भुकटी ज्या खोलीत असते तिथे चांदी ठेवू नये. डोळा तयार करायचा तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयात आणि नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत जावे. तिथे जपलेली नाणी पाहिली की उजळलेले नाणे पुढे आपोआप खटकू लागते.

या दिवाळीत लक्ष्मीपूजनाचे नाणे खुशाल धुवा, त्याला हळदकुंकू वाहा. ते पूजेचेच आहे. पण आजोबांच्या ट्रंकेत १९६४ किंवा १९६९ चे नाणे निघाले, तर त्याला चिंच लावू नका. आहे तसे ठेवा, जाणकाराला दाखवा, आणि विकत घ्यायचे असेल तर काळवंडलेले पण अस्पर्श नाणे लख्ख नाण्याआधी उचला.